तेहतिसावं अक्षर

आयुष्यात माझ्या हातून एकच गोष्ट निर्दोष झाली, असं मी सतरा वर्षं धरून चाललो होतो. संसाराबद्दल बायकोचं मत वेगळं असू शकेल, पण लिफ्टच्या नियंत्रण-पेटीत बसणारा आमच्या कंपनीचा प्रोग्रॅम मी एकट्यानं लिहिला आणि त्यानं कधी कुणाला चौथ्याऐवजी पाचव्या मजल्यावर सोडलं नाही. बाराशे इमारतींत ती पेटी आहे. आमच्या इमारतीतही आहे. रोज सकाळी लिफ्टमध्ये शिरलं की वरच्या पट्टीवर 'नमस्कार' अशी लाल अक्षरं उमटतात. ती मीच लिहिलेली असल्यामुळे मी मनातल्या मनात स्वतःलाच नमस्कार करून कामावर जात असे.

सासऱ्यांना मात्र या कामाचं मोल कधी पटवून देता आलं नाही. ते गणिताचे निवृत्त शिक्षक. चार वर्षांपासून आमच्याकडेच असतात. कुणी विचारलं तर सांगतात, "जावई लिफ्टमध्ये असतात." ऐकणारा हळहळून मान हलवतो, आणि एकदा तर एका गृहस्थांनी मला जाता जाता "तिसरा" म्हणून सांगितलं होतं. सासऱ्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. आम्ही राहतो सहाव्या मजल्यावर. त्यांना रोज सकाळी खाली बाकापर्यंत नेणारं जगात एकच साधन, आणि ते जावयानं लिहिलेलं. पण हे त्यांच्या ध्यानात आणून देणं मला प्रशस्त वाटत नसे. मोठेपणा आपल्या तोंडानं सांगू नये, दुसऱ्यानं सांगेपर्यंत थांबावं. मी सतरा वर्षं थांबलो होतो.

गेल्या वर्षी थोरल्या मालकांनी कंपनी मुलीच्या हाती सोपवली. मालकीणबाईंनी पहिल्याच बैठकीत मला विचारलं, "आपल्या पेटीत बाहेरचा माणूस शिरू शकतो का?"

मी म्हटलं, "पेटी नऊ इंचांची आहे."

त्या हसल्या नाहीत. त्यांचा प्रश्न चोरवाटांचा होता. हल्ली पेटीला बिनतारी जोड असते. त्या जोडीतून कुणी फोनवरून प्रोग्रॅममध्ये घुसून लिफ्ट आपल्या ताब्यात घेईल का, असं त्यांना म्हणायचं होतं. त्यासाठी त्यांनी एक एआय आणलं होतं. पत्रं लिहिणारं, कविता रचणारं जे एआय असतं, त्याच जातीचं. फक्त हे प्रोग्रॅम वाचायचं, त्यातली भोकं शोधायचं आणि त्या भोकांतून आत शिरायला नाना तऱ्हेचे वेडेवाकडे संदेश स्वतःच रचून द्यायचं. चोराच्या मनानं विचार करणारा पगारी पहारेकरीच म्हणा ना.

मी माझा प्रोग्रॅम त्याच्या स्वाधीन केला. माझ्या मुलीला पहिल्या दिवशी शाळेत सोडताना झालं होतं, तसं काहीसं झालं. चार मिनिटांत उत्तर आलं, "आपला प्रोग्रॅम अतिशय सुबक आणि वाचनीय आहे." हे मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी खुर्चीत जरा सरळ होऊन बसलो. खाली पुढची ओळ होती, "त्यात पुढील तीनशे सोळा दोष आढळले."

त्यानंतरचे अकरा दिवस मी ते दोष वाचण्यात घालवले. नवव्या दोषात त्यानं ज्या फाइलचा हवाला दिला होता ती फाइल अस्तित्वातच नव्हती. मला इतका आनंद झाला की मी चहाच्या सुट्टीत तीन जणांना ती फाइल नसल्याचं दाखवलं. नसलेली गोष्ट दाखवणं सोपं नाही. यंत्राला मी कडक शब्दांत जाब विचारला. ते म्हणालं, "आपलं अगदी बरोबर आहे. माझी चूक झाली. त्याऐवजी पुढील चार दोष पाहावेत." वाद घालणाऱ्याशी दोन हात करता येतात; लगेच माफी मागणाऱ्याचं काय करायचं? मी एकेक दोष खोडत गेलो. काही खोटे निघाले, काही खरे पण क्षुल्लक होते, आणि काही मला कळले नाहीत, तेही मी खोट्यांतच धरले.

माझ्या शेजारच्या टेबलावर कंपनीच्या तपासनीस बाई बसतात. मोजकं बोलतात, आणि तेवढं पुरतं. त्या म्हणाल्या, "सर, दोनशे चौदा नंबरचा बघितलात?"

दोनशे चौदा नंबरचा दोष त्या नमस्काराचाच होता. पट्टीवरचा मजकूर फोनवरून बदलता येतो. तो ठेवायला मी पेटीच्या स्मृतीत बत्तीस खणांचं एक कपाट केलं होतं. यंत्राचं म्हणणं असं, की कुणी बत्तीसपेक्षा लांब मजकूर पाठवला तर तेहतिसावं अक्षर अडत नाही, ते शेजारच्या कपाटात जाऊन पडतं. आणि शेजारच्या कपाटात कुठला मजला किती उंचीवर आहे याची नोंद आहे. शिवाय हा मजकूर बदलायला पासवर्ड लागत नाही, म्हणजे फाटकाबाहेर उभा राहिलेला कुणीही माणूस हे करू शकतो. पासवर्ड लागत नाही हे खरं होतं. नमस्काराला कुलूप कशाला, असा विचार मी त्या काळी केला होता.

"असं होणार नाही," मी म्हटलं.

"का होणार नाही?"

"सतरा वर्षांत झालेलं नाही."

"सतरा वर्षांत कुणी लांब मजकूर पाठवलाय?"

हा प्रश्न मला उद्धट वाटला. बाई म्हणाल्या, नुसतं कागदावर खोडू नका, चाचणीच्या लिफ्टवर एकदा चालवून बघा. चाचणीची छोटी लिफ्ट आमच्याकडे होती, पण विक्री विभागानं ती प्रदर्शनाला नेली होती, आणि तिथं ती इतकी आवडली की परस्पर दुसऱ्या प्रदर्शनाला गेली होती. परत मागवायचा अर्ज विक्री विभागाच्या साहेबांकडे करायचा असतो, आणि साहेब लिफ्टबरोबरच गेले होते. तेव्हा मी असं एक वाक्य बोललो, ज्याला मराठीत हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी म्हटलं, "रविवारी माझ्या घरी या. आमच्या लिफ्टवर सगळ्यांसमोर करून दाखवतो."

घरी आल्यावर बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "अहो, ते यंत्र खोटं बोलतंय अशी तुम्हाला खात्री आहे ना?"

"शंभर टक्के."

"मग तपासता कशाला?"



सोसायटीच्या लिफ्टवर प्रयोग करायचा म्हणजे समितीची परवानगी हवी. आमचे अध्यक्ष नोंदणी कार्यालयातून निवृत्त झाले आहेत. कुणी "बरं आहे ना?" असं विचारलं तरी ते लेखी द्या म्हणतील की काय अशी धास्ती वाटते. त्यांच्या बैठकीच्या खोलीत सभा भरली. दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी सल्ला दिला की दुखत नसेल तर हात लावू नये. दातांच्या बाबतीत ते नेमकं उलटं सांगतात. तळमजल्यावरचे काका लिफ्ट कधीच वापरत नाहीत, म्हणून तिच्याबद्दल त्यांची मतं सर्वांत ठाम. ते म्हणाले, "यंत्रानं यंत्राची चूक काढायची, हे घरचं भांडण आहे. आपण मध्ये पडू नये." मी जवळजवळ तासभर स्मृती, खण आणि कपाटं समजावून सांगितली. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "एकूण आपण पट्टीवर एक मोठा मजकूर पाठवणार."

"हो."

"कुठला?"

"कुठलाही. बत्तीस अक्षरांच्या वर असला म्हणजे झालं."

अध्यक्ष क्षणभर छताकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, 'संस्थेचे संस्थापक-सदस्य, माजी सचिव व विद्यमान माननीय अध्यक्ष आपले सहर्ष स्वागत करीत आहेत.' हा कागद त्यांच्या खिशात किती वर्षं होता कोण जाणे. परवानगी एकमतानं मिळाली.

रविवारी सकाळी दहाला तळमजल्यावर बरीच माणसं जमली. तपासनीस बाई लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. सासरे काठी घेऊन बाकावर बसले होते, आणि त्यांचा दंतवैद्यांशी जोडाक्षर एक धरायचं की दोन यावर वाद चालला होता. मी मध्येच म्हटलं, "पेटीच्या दृष्टीनं आपल्या लिपीतलं एकेक अक्षर तीन-तीन खण अडवतं, आणि काना-मात्रा वेगळ्या." म्हणजे बत्तीस खण जेमतेम दहा अक्षरांतच भरतात, अशी बोलता बोलता माझ्या मनात कुठं तरी एक बारीक कळ उठली, पण सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते, त्यामुळे ती मी दाबली.

मी फोनवरून मजकूर पाठवला. पट्टीवर अध्यक्ष सरकू लागले. संस्थापक-सदस्य गेले, माजी सचिव गेले, विद्यमान माननीय आले. रिकामी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पाठवली, गेली. परत बोलावली, आली. दारं उघडली, मिटली. मी दहा मिनिटं वाट बघितली. काहीही झालं नाही.

यानंतर मी थोडं बोललो. थोडं म्हणजे पंधरा मिनिटं. अनुभव म्हणजे काय, शब्द जुळवणं वेगळं आणि समजणं वेगळं, आजकालची पिढी यंत्राच्या आहारी कशी जाते, असा साधारण आशय होता. बाई शांतपणे लॅपटॉपवर काही टिपून घेत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, फक्त तिसराच मजला बघितला आपण." मी हात हलवून तो मुद्दा बाजूला केला.

आणि मग जे सतरा वर्षांत झालं नव्हतं ते झालं. सासरे उठले, चारचौघांत माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चला. तुमच्या लिफ्टनं वर जाऊ." तुमच्या, असं म्हणाले. मी लगबगीनं पुढे होऊन दार धरलं. अध्यक्षही आपला मजकूर आतून कसा दिसतो ते बघायला बरोबर शिरले. मी सहाचं बटण दाबलं.

तिसरा गेला, चौथा गेला, पाचवा गेला. सहावाही गेला. मी पुन्हा बटण दाबलं, तोवर सातवा गेला. आमच्या इमारतीला सातच मजले आहेत. वरच्या टोकाला एक यांत्रिक खटका असतो, तो माझ्या प्रोग्रॅमच्या आधीच्या काळातला, कुणाचंही न ऐकणारा. त्यानं धाडकन लिफ्ट थांबवली. माझ्या हुशारीनं नव्हे, त्या खटक्यानं आम्हाला वाचवलं, हे मी अहवालातही लिहिलं आहे. अध्यक्षांच्या पदांनी वरच्या दोन मजल्यांची नोंद पुसून टाकली होती. तिसऱ्याची नोंद त्या कपाटात दूरच्या खणात होती, म्हणून ती तेवढी बचावली होती. दार उघडेना. दाराच्या खालच्या फटीतून सातव्या मजल्याच्या जिन्याचा उजेड तेवढा दिसत होता. आणि वर पट्टीवर विद्यमान माननीय अध्यक्ष आमचं सहर्ष स्वागत करीत होते.

मी कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन लावला. ध्वनिमुद्रित बाईंनी सांगितलं की रविवारी कार्यालय बंद असतं, तातडीची गरज असल्यास आमच्या तांत्रिक प्रमुखांना फोन करा, आणि माझाच नंबर सांगितला. मी करून बघितला नाही, पण मनात येऊन गेलं.

तेवढ्यात तपासनीस बाई जिना चढून सातव्या मजल्यावर आल्या. मागून बायको आली. "बाबांना उभं राहवतंय का?" तिनं फटीतून विचारलं. राहवत नव्हतं. सासरे काठीवर वाकले होते आणि गुडघे थरथरत होते. लिफ्टमध्ये बसायला काही नसतं. हाही दोषच आहे, पण तो यंत्राच्या यादीत नव्हता. मी अंगातला कोट काढला, जमिनीवर हात टेकले आणि ओणवा झालो. सासरे क्षणभर संकोचले, मग माझ्या पाठीवर टेकले. वजन बेताचंच आहे त्यांचं, पण वेळ फार लागला.

बाहेर बाईंनी यंत्राला उपाय विचारला. त्याचं उत्तर त्या मोठ्यानं वाचत होत्या आणि मी चार पायांवर ऐकत होतो. पहिला उपाय, वीज बंद करून चालू करा. केली. काहीच बदललं नाही, कारण मजकूर कायमच्या स्मृतीत बसला होता. मग यंत्रानं माफी मागितली आणि म्हणालं, छोटा मजकूर पाठवून आधीचा पुसा. मी तसाच ओणव्यानं फोन शोधू लागलो, तर अध्यक्ष म्हणाले, "मजकूर समितीच्या ठरावानं बसलेला आहे. काढायला ठराव लागेल."

"अहो, आपण अडकलोय."

"म्हणूनच रीतसर व्हायला हवं. उद्या चौकशी झाली तर?"

फटीतून दंतवैद्यांना हाक मारली. ते सूचक झाले, मी जमिनीवरून अनुमोदन दिलं, अध्यक्षांनी जड अंतःकरणानं ठराव मंजूर केला. 'नमस्कार' पुन्हा आला. लिफ्ट हलली नाही. पुसलेले मजले काही परत येत नाहीत. हे मला आधी सुचायला हवं होतं, पण त्या अवस्थेत माणसाला फक्त फरशी दिसते.

 मग माझ्या पाठीवरून सासऱ्यांनी विचारलं, "बत्तीसच का घेतले?"

"त्या वेळी पुरेसे वाटले."

"आणि तेहतिसावं आलं तर काय करायचं, ते लिहिलं नाहीत?"

"नाही."

"हं." मग जरा थांबून म्हणाले, "भाजक शून्य नाही ना, हे न बघता भागाकार करणारी मुलं असायची वर्गात. उत्तर बरोबर आलं तरी मी अर्धा गुण कापायचो. त्यांना राग यायचा."

त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, का नुसता आधार घेतला, ते मला कळलं नाही.

पावणेदोन तासांनी, तपासनीस बाईंनी फोन करून बोलावलेला आमच्याच कंपनीचा मेकॅनिक आला. छतावरच्या यंत्रघरात जाऊन त्यानं ब्रेक हातानं सैल केला आणि लिफ्ट इंचाइंचानं सातव्या मजल्यावर उतरवली. दार उघडलं तेव्हा मी अजून ओणवाच होतो आणि जिन्यावर सगळी इमारत उभी होती. मेकॅनिक म्हणाला, "सर, तुम्ही आत आहात हे कळलं, म्हणून मी फार घाई केली नाही. म्हटलं, तज्ज्ञ आतच आहेत." सासऱ्यांना खुर्चीत बसवून चौघांनी सहाव्यावर उतरवलं. माझी पाठ पाच दिवस सरळ झाली नाही, पण मला कुणी खुर्ची विचारली नाही.

सोमवारी मी मालकीणबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "बरं झालं, आपल्यालाच कळलं. अहवाल द्या." अहवालाच्या फॉर्मवर दोन रकाने होते, दोष शोधणारा आणि दोष करणारा. यंत्राला सही करता येत नाही, म्हणून मी दोन्हीकडे माझी सही केली. कार्यालयातल्या कारकून बाईंनी फॉर्म परत केला. "एक माणूस दोन्ही रकान्यांत बसत नाही, सर." मग शोधणाऱ्याच्या रकान्यात तपासनीस बाईंची सही झाली, आणि दुसऱ्या रकान्यात मी एकटा उरलो. वार्षिक सभेत बाईंना मानपत्र दिलं. ते सुबक आणि वाचनीय होतं. टाळ्या मीही वाजवल्या.

दुरुस्ती तशी छोटी आहे, तीन ओळींची. पण ती बाराशे पेट्यांपर्यंत पोचवायची कशी? दुरून पाठवायला जी बिनतारी वाट आहे ती आता सर्वांत आधी बंद करायची आहे. म्हणजे प्रत्येक इमारतीच्या छतावर जाऊन, पेटी उघडून, तार लावून करायला हवं; आणि दुरुस्ती होईपर्यंत लिफ्ट बंद, म्हणजे जिन्यानं जायला हवं. आजवर एकेचाळीस झाल्या. शिवाय यादीतले उरलेले दोष मी पुन्हा पहिल्यापासून वाचतोय. खोटे ठरवलेल्यांतले सहा खरे निघाले आहेत. मला न कळलेल्यांकडे अजून वळलो नाही.

आमच्या इमारतीची लिफ्ट मी दुसऱ्याच दिवशी नीट केली होती. पण लिफ्ट निरीक्षकांच्या दाखल्याशिवाय ती सुरू करता येईना, आणि लिफ्ट चालू असल्याशिवाय निरीक्षकांना तपासता येईना. या दोन वाक्यांमध्ये एकोणीस दिवस गेले. सासरे एकोणीस दिवस घरात होते. सकाळी खाली बाकावर जायच्या वेळी ते कपडे करून, काठी घेऊन खिडकीशी बसायचे. तक्रार एका शब्दानं केली नाही. केली असती तर मी काही तरी उत्तर दिलं असतं.

विसाव्या दिवशी दाखला आला. मी स्वतः लिफ्ट वर आणली, दार उघडून धरलं आणि म्हटलं, "बाबा, चला. सगळे मजले तपासले, सातही."

ते दाराशी आले. आत बघितलं. "दुरुस्त कुणी केली?"

"मी."

"आणि आधी लिहिली कुणी होती?"

"तीही मीच."

त्यांनी जरा विचार केला. मग माझ्या कोपराला धरून वळले. "घरातली ती घडीची खुर्ची घ्या बरोबर," ते म्हणाले. "जिन्यानं जाऊ. मजल्यामजल्यावर बसत जाऊ."